जादाचा गॉगल

पत्र :

सर, माझी मुलगी १४ वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून पोहते. आठवड्यातून सहा दिवस सकाळी आणि चार दिवस संध्याकाळी सराव. पहाटे पाचला तिचे बाबा तिला उठवतात, चाळीस मिनिटं गाडी चालवून तलावावर नेतात आणि स्टॉपवॉच घेऊन काठावर उभे राहतात. त्यांना स्वतःला पोहता येत नाही. ते तरुणपणी धावायचे, गुडघ्याच्या दुखापतीमुळे एकोणिसाव्या वर्षी सगळं सुटलं. धाकटा ९ वर्षांचा आहे. संध्याकाळी त्याला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून तोही सोबत येतो आणि पायऱ्यांवर बसून गृहपाठ करतो.

गेल्या महिन्यात रिलेच्या संघाची निवड होती. चौघी घेणार होते, हिचा पाचवा नंबर आला. एकतीस शतांश सेकंदांनी जागा गेली. त्यात जी चौथी आली, तिचा गॉगल शर्यतीआधी तुटला होता आणि हिने स्वतःकडचा जादाचा गॉगल तिला दिला होता. बाबांनी परतताना गाडीत एवढंच विचारलं, ‘कशाला दिलास?’ तेव्हापासून दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. आता ती म्हणते, स्पर्धा नको. कोच म्हणतात, अजून दोन वर्षं द्या. नातेवाईक म्हणतात, आता अभ्यासाचं बघा. सर, सात वर्षं पाण्यात गेली का? पोहणं बंद करून तिला अभ्यासाला लावू का? आणि पुढे हिचं करिअर काय?

– एक आई

उत्तर :

नमस्कार ताई,

‘पाण्यात गेली का’ हे तुम्ही ओघात लिहून गेलात. वाचताना मला हसू आलं. पोहणाऱ्या पोरीची वर्षं पाण्यात नाही जाणार तर कुठे जाणार? पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना गॉगलच्या वाक्यापाशी अडकलो. तुम्ही ते नुकसानीचा तपशील म्हणून लिहिलंय, जणू त्या एकतीस शतांशांच्या हिशेबात तेही धरायला हवं. मला मात्र अख्ख्या पत्रात तीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. म्हणून कोच, अभ्यास, करिअर हे जरा बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करतो.

प्रसंग डोळ्यांसमोर आणा. निवडीची शर्यत आहे. पोटात गोळा आलाय. दोन मिनिटांत नावाचा पुकारा होणार आणि शेजारच्या लेनमधल्या मुलीच्या गॉगलचा पट्टा तटकन तुटतो. ती मुलगी चांगली पोहली तर आपली जागा जाईल, हे हिला कळत नव्हतं असं समजू नका. पोहणाऱ्या मुलांना एकमेकांच्या वेळा पाढ्यांसारख्या पाठ असतात. तरी हिने पिशवीत हात घातला. कुणी बघतंय का, याने काय होईल, असला विचार करायला सवडच नव्हती. म्हणून मला ती कृती एवढी मोलाची वाटते.

१९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये असंच घडलं होतं. दोघांच्या बॉबस्ले शर्यतीत (बर्फाच्या वळणदार मार्गावरून घसरगाडीत बसून लावायची शर्यत) ब्रिटनच्या टोनी नॅश आणि रॉबिन डिक्सन यांच्या गाडीचा एक बोल्ट तुटला. इटलीचा युजेनिओ मोंटी हा त्यांचा तगडा प्रतिस्पर्धी. त्याने स्वतःच्या गाडीचा बोल्ट काढून त्यांना दिला. नॅश-डिक्सन सुवर्ण घेऊन गेले, मोंटी तिसरा आला. त्याच्या देशातल्या वर्तमानपत्रांचा सूर तुमच्या गाडीतल्या प्रश्नाचाच होता. मोंटीचं म्हणणं साधं होतं : नॅश माझ्या बोल्टमुळे जिंकला नाही, सगळ्यांत वेगात आला म्हणून जिंकला. या खिलाडूवृत्तीसाठी त्याला पिअर द कुबर्तँ पदक, म्हणजे आधुनिक ऑलिंपिकच्या जनकाच्या नावाचं पदक, देण्यात आलं.

चार वर्षांनी, वयाच्या चाळिशीत, ग्रेनोबलच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मोंटीने दोन सुवर्णपदकं मिळवली. लेकीला ही गोष्ट सांगाल तेव्हा ही सुवर्णपदकं बोल्टचं बक्षीस म्हणून मात्र सांगू नका. मुलं मग फळाची वाट बघत बसतात, आणि फळ बहुतेकदा येतच नाही. त्यापेक्षा हे सांगा की बोल्ट दिला त्या दिवशी मोंटीकडे ऑलिंपिकचं एकही सुवर्ण नव्हतं. १९५६ ची दोन रौप्यपदकं होती आणि १९६० ला बॉबस्ले झालंच नव्हतं. म्हणजे आठ वर्षं थांबून ही संधी आली होती, आणि तरी त्याने पाना हातात घेतला.

आता थोडं कडू. ‘खेळाने चारित्र्य घडतं’ हे वाक्य बक्षीस समारंभांत मी इतक्यांदा ऐकलंय की ते आलं की टाळ्या कधी वाजवायच्या तेही पाठ झालंय. ते सरसकट खरं नाही. १९७१ मध्ये ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टुटको या दोन क्रीडामानसशास्त्रज्ञांनी हजारो खेळाडूंच्या अभ्यासानंतर लिहिलं होतं, की या समजुतीला आधार सापडत नाही. पुढे या विषयावर बरंच काम झालं आणि चित्र जरा निवळलं. खेळ कुणाच्या हाताखाली, कशासाठी आणि कसल्या घरातून खेळला जातो यावर सगळं अवलंबून असतं. त्याच तलावात एक मुलगी गॉगल द्यायला शिकते आणि दुसरी भिंतीला नीट टच न करता पंचांची नजर चुकवायला शिकते. पाण्यात वेगळं काही मिसळलेलं नसतं.

मग तुमच्या लेकीत हे आलं कुठून? मी पत्रात शोधलं आणि मला पहाटे पाचला उठणारा माणूस दिसला. ज्याचा स्वतःचा खेळ एकोणिसाव्या वर्षी संपला, तो माणूस सात वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी खेळासाठी झोप मोडतोय. स्वतःला न येणाऱ्या खेळाचं वेळापत्रक सांभाळतोय. स्वतःजवळचं काहीतरी काढून दुसऱ्याला द्यायचं, हे पोरीने रोज पहाटे गाडीच्या बाजूच्या सीटवरून पाहिलंय. तिने जे केलं ते बाबांकडूनच उचललेलं आहे, आणि त्यावर बाबांनीच विचारलं, ‘कशाला दिलास?’ तिला काय लागलं असेल ते बघा. संघातली जागा जाणं तिने एव्हाना पचवलंही असेल. पोहणाऱ्यांना हरायची सवय असते, दर हीटमध्ये एक सोडून सगळे हरतातच.

बाबांना दोष देत नाहीये, कारण हाच गुन्हा मी वेगळ्या पद्धतीने बरीच वर्षं केलाय. समुपदेशनाला नवीन होतो तेव्हा खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला माझा पहिला प्रश्न असायचा, ‘कुठपर्यंत खेळलास?’ एकदा एक मुलगा म्हणाला, ‘कुठपर्यंत नाही, रोज खेळायचो.’ आणि मग तासभर त्याने ‘हो’ आणि ‘नाही’च्या पलीकडे तोंड उघडलं नाही. बरोबरच होतं त्याचं. मी त्याच्या बालपणाला पायरी विचारली होती. आता मी वेगळा प्रश्न विचारतो : हरल्यावर घरी जाताना गाडीत काय बोलणं होतं? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. ‘बाबा रेडिओ लावतात.’ ‘आई विचारते, भूक लागली का.’ ‘पूर्ण मॅच पहिल्यापासून सांगतात, मीच खेळलो होतो तरी.’ या एका उत्तरावरून मला घराचा जेवढा अंदाज येतो तेवढा प्रमाणपत्रांच्या फायलीवरून येत नाही.

तुमच्या घरातल्या अबोल्याकडेही मी याच गाडीतून बघतो. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. दिवसाला ऐंशी, आणि संध्याकाळचा सराव असेल त्या दिवशी त्याच्या दुप्पट. चौदा वर्षांच्या मुलीबरोबर रोज एवढा वेळ मिळणारा बाप मला तरी क्वचितच भेटतो. या दोघांचं सगळं नातं त्या रस्त्यावर वाढलंय. ‘स्पर्धा नको’ हे ऐकल्यावर बाबांना पदक गेल्याचं दुःख झालं असेल, पण त्याहून मोठी धास्ती ही असेल, की पोहणं गेलं तर आता हिच्याशी बोलायचं कशावर? पुरुषांना हे असं मांडता येत नाही, मलाही आलं नसतं. मग ते गप्प बसतात आणि घरचे त्याला राग समजतात.

ब्रिटिश धावपटू डेरेक रेडमंडची गोष्ट बाबांना ठाऊक असणार, तेही धावायचे. १९९२, बार्सिलोना ऑलिंपिक, ४०० मीटरची उपांत्य फेरी. रेडमंडच्या मांडीमागचा स्नायू फाटला, तो लंगडत पुढे निघाला आणि त्याचे वडील जिम सुरक्षारक्षकांना बाजूला सारून ट्रॅकवर उतरले. वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत त्याने शेवटची रेषा गाठली. अधिकृत निकालात ती शर्यत पूर्ण झाल्याची नोंद नाही. ही चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली असते आणि ‘आपण मिळून पूर्ण करू’ हे वडिलांचं बोलणंही सगळ्यांना आठवतं. पण जिम रेडमंड ट्रॅकवर पोचल्यावर मुलाला आधी काय म्हणाले? तुला हे करायची गरज नाही. थांबायची मोकळीक त्यांनी आधी दिली. मुलगा म्हणाला मला पूर्ण करायचंय, आणि त्यानंतरच ते ‘आपण मिळून’वर आले. तुमच्या घरी यातलं पहिलं वाक्य अजून कुणी उच्चारलेलं नाही. ते बाबांच्या तोंडून यायला हवं. कोचच्या किंवा माझ्या तोंडून आलं तर त्याला तेवढा अर्थ उरत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ताई, तिने म्हटलंय ‘स्पर्धा नको’, तुम्ही विचारताय ‘पोहणं बंद करू का’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत त्या एक होतात आणि मूल दोन्ही गमावून बसतं. आधी तिला नेमकं काय नकोय ते ऐकून घ्या. निवडीचं दडपण नकोय, पहाटेचा गजर नकोय, का काठावरचं स्टॉपवॉच नकोय? उत्तर लगेच येणार नाही. येईल तेव्हा मध्येच बोलू नका.

‘अजून दोन वर्षं’ या कोचच्या सल्ल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : आत्ता या घडीला नको. सात वर्षं, आठवड्याला दहा सत्रं आणि पत्रात सुट्टीचा एका शब्दानेही उल्लेख नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने, २०१६ मध्ये दिलेला सल्ला असा : आठवड्याला एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, वर्षभरात एकेक महिन्याचे तुकडे करून एकूण तीन महिने त्या खेळापासून सुट्टी, आणि एकाच खेळावर सगळा भर शक्यतो पंधरा-सोळा वर्षांच्या आधी नको. तुमची मुलगी त्या वयाला अजून पोचायचीय आणि तिची तेवढी सुट्टी कैक वर्षांची थकलीय. शिवाय तेरा-चौदाव्या वर्षी मुलींचं शरीर झपाट्याने बदलतं, पाण्यातला तोल बदलतो. मग बऱ्याच जणींच्या वेळा काही काळ जागच्या जागी थांबतात. कष्ट तेवढेच, आकडा हलत नाही. हे मुलीला कुणी सांगितलंय का? नसेल तर ती हे सगळं स्वतःच्या कमीपणाच्या खात्यात टाकत असणार.

म्हणून तूर्त एक महिना पूर्ण सुट्टी द्या. महिनाभर पोहण्याचा निर्णयही नाही आणि पोहण्यावर चर्चाही नाही. मग तिने ठरवावं. परत सराव, दुसरा एखादा खेळ, का नुसतंच मजेसाठी पोहणं. या शेवटच्या पर्यायाला आपण उगाच माघार समजतो. मुलांच्या खेळातल्या वाढीचे टप्पे मांडणारे ज्याँ कोते यांच्या आराखड्यात स्पर्धेच्या वाटेशेजारी ही आनंदासाठी खेळण्याची वाटही काढलेली आहे. आणि वाढत्या वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी चांगली दमछाक होणारी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात पदकाची अट नाही.

नातेवाइकांच्या ‘अभ्यासाचं बघा’बद्दल एवढंच म्हणेन, की सुटलेल्या सरावाचे दोन तास आपसूक पुस्तकाकडे वळत नाहीत. ते कुठे वळतात ते तुम्हालाही माहीत आहे, हातातच असतं ते. जी मुलगी आजवर दहा सत्रं सांभाळून अभ्यास करत आली, तिला वेळेचं गणित आपल्यापेक्षा बरं जमतं. एखाद्या विषयात ती मागे असेल तर त्या विषयाचं बघा. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून मीही गृहीत धरत नाही.

धाकट्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण मला त्याच्याबद्दल लिहायचंय. याच कोते यांनी १९९९ मध्ये चार अव्वल खेळाडूंच्या कुटुंबांच्या मुलाखतींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. घर हळूहळू खेळणाऱ्या मुलाभोवती कसं फिरू लागतं, आईवडिलांचा वेळ कसा तिकडे ओढला जातो, हे त्यात दिसतं. काही भावंडांच्या मनातली कडवट असूयाही दिसते. तुमचा मुलगा कडवट आहे असं नाही म्हणत. पण जो मुलगा दोन वर्षांचा असल्यापासून बहिणीच्या वेळापत्रकावर वाढला, गृहपाठाची वही मांडीवर घेऊन ओलसर पायऱ्यांवर बसला, त्याची कुणी निवड केली होती? या सुट्टीच्या महिन्यातली एक संध्याकाळ पूर्ण त्याची ठेवा. कुठे जायचं तो ठरवेल, आणि त्याच्या बहिणीने तिथे पायरीवर बसायचं. गंमत म्हणून नाही, खरंच बसायचं. तिला ते जमेल. माझा अंदाज आहे, की बसलेल्याला कसं वाटतं हे तिने आजवर कधी अनुभवलेलं नाही.

करिअरचं शेवटी घेतोय, कारण त्याची घाई नाही. खेळाभोवती कामं भरपूर आहेत : फिजिओथेरपी, क्रीडा मानसशास्त्र, आहारशास्त्र, शरीराच्या हालचालींचं विज्ञान, प्रशिक्षण, पंचगिरी, खेळातल्या आकडेवारीचं विश्लेषण. वयात आल्यावर जीवरक्षक म्हणून काम करता करता शिकणारेही असतात. पण ‘एवढी वर्षं दिली तर खेळाशी संबंधितच काहीतरी कर’ हा आग्रह म्हणजे तीच जुनी लेन नवीन रंगाने रंगवण्यासारखं आहे. २८ ऑलिंपिक पदकं मिळवलेल्या अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सनेही ऑलिंपिक संपल्यावर आपण नैराश्यात जायचो हे जाहीरपणे सांगितलंय. त्याच्यासारख्यालाही पाण्याबाहेरचा स्वतः कोण हे शोधायला वेळ लागला. तुमच्या लेकीला तो शोध चौदाव्या वर्षी करायची संधी मिळतेय, त्याला मी तोटा म्हणणार नाही.

एक काम मात्र आत्ताच करून ठेवा. तिला एका वहीत या सात वर्षांतले दहा प्रसंग लिहायला सांगा. निकाल नकोत, प्रसंग. आजारी असताना काय केलं, कोचशी मतभेद झाला तेव्हा काय केलं, चारशे मीटरमध्ये दम कुठे राखायचा हे कसं ठरवलं. पुढे प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत ‘मी सात वर्षं पोहले’ या वाक्यावर समोरचा मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे जातो, पण एखादा खरा प्रसंग सांगितला की पेन खाली ठेवून ऐकतो. मी अशा मुलाखतींना टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलोय. दहातला एक प्रसंग कुठला असेल हे तुम्हाला माहीत आहे. तो ती लिहिते की गाळते, तेवढं मला जरूर कळवा.

बाबांसाठी एक सुचवणी. त्यांना पोहता येत नाही असं तुम्ही लिहिलंय. सुट्टी संपल्यावर आठवड्यातून एक दिवस लेकीने त्यांना शिकवावं. उथळ बाजूला, नाकातोंडात पाणी जात, सगळ्यांसमोर. दुखऱ्या गुडघ्याचं आधी डॉक्टरांना विचारून घ्या, पण पाण्यात गुडघ्यावर भार कमी पडतो, बहुधा अडचण येणार नाही. गाडी तीच, रस्ता तोच. स्टॉपवॉच धाकट्याकडे द्या, त्याला आवडेल.

आणि एक राहिलंच. तो गॉगल परत आला का? पत्रात तुम्ही काही लिहिलेलं नाही. त्या मुलीने आणून दिला, का अजून तिच्याकडेच आहे, देताना काही म्हणाली का? हे तुम्ही विचारू नका ताई. बाबांना विचारू द्या, गाडीत.